मुक्तिनाथचं छोटं विमान: डोंगरात पडलं तर सापडायला एवढा वेळ कामून लागतो?

सेलूकर

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा विचित्र वाटंल पण डोक्यातून जायना म्हणून विचारायलो. आमचे आई-बाबा गावातल्या पंचवीस-तीस जणांसंगं दिवाळीनंतर नेपाळ यात्रेला जायलेत, पशुपतिनाथ, पोखरा अन् मग मुक्तिनाथ. ट्रॅव्हल्सवाल्यानं पोखऱ्याहून मुक्तिनाथजवळच्या जोमसोमपर्यंत छोट्या विमानाचा ऑप्शन ठेवलाय, वीस-पंचवीस मिनिटांत पोचवतेत म्हणे, नाहीतर जीपनं अख्खा दिवस. बाबांचे गुडघे गेलेत म्हणून मीच म्हणलं विमान घ्या, वरचे पैसे मी देतो. अन् परवा रात्री उगं मोबाईल बघत पडलो तर 2022 च्या विमान अपघाताची बातमी समोर आली. हाच रूट, असलंच विमान, 22 जण, त्यात आपल्या ठाण्याचं एक कुटुंब. तवापासून झोप नाही.

मला अपघातापेक्षा बी जास्त हे खायलंय की विमान सकाळी गायब झालं अन् सापडलं दुसऱ्या दिवशी. मधली ती रात्र घरच्यांनी कशी काढली असंल? अन् 2019 ला हवाई दलाचं विमान अरुणाचलमध्ये हरवलं होतं त्याला तर आठ दिवस लागले. माझा फोन रिक्षात राहिला तर मी पाच मिनिटांत नकाशावर बघतो, गुगलवर आमच्या शेतातल्या विहिरीचा कठडा सुद्धा दिसतो, मग अख्खं विमान दिसंना म्हणजे काय? कुणी फौजेतलं, विमानातलं असंल तर नीट सांगा. अन् दुसरं म्हणजे विमान घ्यावं का जीप?

मोंढा_लातूर

जीप. विषय संपला.

सेलूकर

भाऊ गुडघ्याचं काय?

मोंढा_लातूर

गुडघा राहतो तरी जागेवर.

माजी_हवालदार_उदगीर

असं लिहू नये हो, पोरगं काळजीनं विचारायलंय.

सेलूकर, मी फौजेत 17 वर्षं काढली, त्यातली तीन अरुणाचलमधी. 2019 च्या शोधात मी नव्हतो, त्याच्या आधीच रिटायर होऊन गावाकडं आलतो. पण जोरहाट ते मेचुका त्याच लाईनवर असल्याच एएन-32 मधी, म्हणजे हवाई दलाच्या सामान नेणाऱ्या विमानात, चार-पाच बार बसलेलोय. सीट म्हणजे काय तर भिंतीला लागून पट्ट्यांची जाळी, मधी बटाट्याची पोती अन् रॉकेलचे कॅन जाळीखाली आवळलेले, आपला गुडघा पोत्याला टेकलेला, अन् आवाज एवढा की कानात कापूस घातला तरी डोकं घुमतंय. खिडकी गोल, ताटलीएवढी. त्यातनं खाली बघितलं की रस्ता नाही, शेत नाही, नुस्तं हिरवं, अन् ते हिरवं बी सपाट नाही, चुरगाळून टाकलेल्या गोधडीवानी घड्याच घड्या. त्या घडीत काय पडलं तर वरून दिसत नसतंय, बरोबर त्याच घडीच्या डोक्यावर आलो तरच दिसतंय, अन् ते बी ढग नसला तर.

आता हिशेब बघ. 3 जून 2019, दुपारी 12:27 ला जोरहाटहून निघालं, एकच्या सुमाराला शेवटचा संपर्क, आत 13 जण. ताशी 400 च्या स्पीडनं विमान मिनिटाला साडेसहा किलोमीटर जातंय. शेवटच्या बोलण्यानंतर ते पाच मिनिटं उडत होतं असं धरलं तर 33 किलोमीटरचं वर्तुळ झालं. कागदावर काढून बघ, जवळजवळ 3400 चौरस किलोमीटर येतंय, म्हणजे निम्मा लातूर जिल्हा, अन् तो बी आडवा नाही, उभा.

आपल्याकडं कार्तिकात तूर डोक्याच्या वर गेलेली असती. त्यात शेळी शिरली तर बांधावर उभं राहून दिसती का? आपण काय करतो, आधी विचारतो कुठून शिरली, मग गप उभं राहून गळ्यातली घाटी ऐकतो, अन् नाहीच ऐकू आली तर तुरीच्या ओळी-ओळीत माणूस उभा करून रेटत जातो. विमानाचं हेच असतंय, फरक एवढाच की तिकडं तुरीच्या जागी बांबू अन् वेलीचं जंगल, अन् चालायचं तर हातात दाव (तिकडचा कोयता) घेऊन एकेक वेल तोडत. दिवसभर घाम गाळून मागं बघितलं तर सकाळचा तंबू दिसतोय, असं बी झालेलंय आमच्यासंगं. बुटात जळवा त्या वेगळ्याच.

त्या टायमाला लावलं नाही असं काही नव्हतं. सुखोई, सी-130, हेलिकॉप्टरं, नौदलाचं पी-8आय टेहळणी विमान पार तमिळनाडूतल्या अरक्कोणमहून बोलवलं, इस्रोचे उपग्रह, खाली आर्मी, आयटीबीपी, पोलिस, गावकरी, वरून 5 लाखांचं बक्षीस जाहीर केलं. तरी आठव्या दिवशी, 11 जूनला, एका एमआय-17 हेलिकॉप्टरला तुकडे दिसले, लिपो गावाच्या उत्तरेला 16 किलोमीटरवर, 12000 फुटांच्या आसपास. अन् दिसलं म्हणजे झालं असं बी नाही. दुसऱ्या दिवशी पंधरा जणांची टीम वर उतरवली, त्यात हवाई दल, आर्मी अन् सिव्हिल गिर्यारोहक. कुणीच वाचलेलं नव्हतं. अन् पाऊस-ढगामुळं ती टीमच मग जूनच्या शेवटापर्यंत वर अडकून पडली. बातमीत हे एका ओळीत येतंय. वर भिजलेल्या स्लीपिंग बॅगमधी रोज हेलिकॉप्टरच्या आवाजाला कान लावून बसणं काय असतंय ते तिथं बसणाऱ्यालाच ठाऊक.

नांदेडी_इंजिनेर

काकांचं शेळीचं उदाहरण एक नंबर. घाटीचं मी सांगतो, आमचा प्रोजेक्टच त्यावर होता (पास झालो एवढंच).

विमानात ईएलटी नावाचा डबा असतो. जोरात आदळलं की आतला स्विच आपोआप ऑन होतो आणि तो 406 मेगाहर्ट्झवर सिग्नल सोडतो. तो उपग्रह पकडतात, भारताच्या भागातला सिग्नल बेंगळुरूला इस्रोच्या सेंटरवर येतो, तिथून शोध घेणाऱ्यांना निरोप. कॉस्पास-सारसॅट म्हणतात ह्या सिस्टीमला, अमेरिका, रशिया, कॅनडा, फ्रान्सनं मिळून चालू केली, तेही शीतयुद्धाच्या काळात, म्हणजे एकमेकांवर बॉम्ब रोखून बसलेले पण हरवलेलं विमान शोधायला एकत्र. 1982 च्या सप्टेंबरमध्ये कॅनडाच्या डोंगरात एक छोटं विमान पडलं होतं, त्यातले तिघं ह्या सिस्टीममुळं वाचले, ती पहिली केस.

त्याच्या आधीचे जुने डबे 121.5 वर ओरडायचे, ते उपग्रहांनी ऐकायचं 1 फेब्रुवारी 2009 पासून बंद केलं, कारण खोटे अलार्म इतके यायचे की खरं कुठलं तेच कळंना. आता ती फ्रिक्वेन्सी फक्त जवळून जाणाऱ्या विमानाला किंवा हेलिकॉप्टरला वास काढत जायला कामाला येते.

आणि अमेरिकेत हा डबा सक्तीचा होत होता त्याच सुमाराची पण हरवलेल्याच विमानाची एक गोष्ट आहे. 1972 च्या ऑक्टोबरमध्ये अलास्कात एक छोटं सेसना गायब झालं, आत अमेरिकेचे दोन खासदार. 39 दिवस शोधलं, आजपर्यंत एक तुकडा मिळाला नाही.

पण डबा वाजलाच पाहिजे असं नाही. कड्यावर सरळ आदळलं तर अँटेनाची वायरच तुटते, आग लागली तर डबा जळतो, अरुंद दरीत पडलं तर दोन्हीकडच्या भिंती सिग्नल अडवतात. काकांच्या भाषेत, शेळी घाटीवरच पडली.

आता सेलूकर, तुमच्या फोनचं. रिक्षातला फोन सापडतो कारण तो स्वतः नेटवरून ओरडत असतो की मी इथं आहे म्हणून. टॉवर नाही तर ओरडणार कुणाला? आणि गुगलवर विहीर दिसते तो फोटो आजचा नाही, कधीतरी आभाळ मोकळं असताना काढलेला. उपग्रह काय तुमच्या डोक्यावर थांबून नसतो, त्याची यायची वेळ ठरलेली, त्या वेळेला ढग असला की फोटोत नुसता कापूस. रडारवाला उपग्रह ढगातून बघतो पण खडकाळ उतारावरचे पत्र्याचे तुकडे आणि ओला खडक त्याला सारखेच चमकदार.

गंमत म्हणजे 2022 ला नेपाळमध्ये फोननंच काम केलं. कॅप्टनच्या मोबाईलची रिंग वाजत होती, म्हणून नेपाळ टेलिकॉमनं त्याचं लोकेशन काढलं, शिवाय लेते भागातल्या लोकांनी मोठा आवाज ऐकल्याचं पोलिसांना कळवलं होतं. म्हणजे दिशा त्याच दिवशी मिळालेली, पण वातावरण इतकं खराब की हेलिकॉप्टर मागं फिरलं, रात्र झाली, शोध थांबला. सकाळी मुस्तांगमधल्या सानोस्वेअरला 14500 फुटांच्या आसपास सापडलं.

मोंढा_लातूर

रिंग वाजत होती म्हणजे घरचे लावत असतील ना. बाप रे.

देगलूरकर

रिंगवरून आठवलं. 2009 ला आंध्रचे मुख्यमंत्री वायएसआर यांचं हेलिकॉप्टर हरवलं होतं ते आमच्याकडं कुणी विसरलेलं नाही, देगलूर म्हणजे अर्धं तेलंगणातच, निम्म्या घरात तेलुगू चॅनेल चालू. 2 सप्टेंबर, पाऊस, सकाळी हैदराबादहून चित्तूरला निघालं अन् तासाभरात संपर्क तुटला. दिवसभर अफवाच अफवा, सुखरूप उतरले, गाडीनं निघालेत, नक्षल्यांनी धरलं, जो येईल तो नवीन सांगायचा. आमच्या चौकातल्या हॉटेलात रात्री दोनपर्यंत टीव्ही चालू, मालकानं फुकट चहा पाजला, हा माणूस कधी साखर जास्त टाकत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी नल्लमलाच्या जंगलात टेकडीवर सापडलं, पाचही जण गेलेले.

माझं म्हणणं एवढंच की हा नल्लमला, हिमालय नाही. चालू मुख्यमंत्री आत. हवाई दलाची विमानं, उपग्रह, हजारो माणसं रस्त्यावर. तरी एक दिवस गेलाच. मग साध्या यात्रेकरूंच्या विमानाला नेपाळात एक दिवस लागला ह्याच्यात नेपाळवाल्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही, उलट लवकर सापडलं म्हणा.

चिकलठाणा_एमआयडीसी

डोंगराला कशाला जाता, आपल्या संभाजीनगरला 26 एप्रिल 1993 ला काय झालं? भर उन्हाळा, सपाट जमीन, आणि उडणारं विमान धावपट्टीच्या पलीकडच्या रस्त्यावरच्या कापसाच्या गाठींच्या ट्रकला धडकलं. 118 पैकी 55 गेले. तिथं शोधायचं काहीच नव्हतं, धूर अख्ख्या गावाला दिसला. माझे वडील सायकल टाकून पळत गेलते, सांगायचे की जळक्या कापसाचे पुंजके लांबपर्यंत उडत होते. ते गेले तोपर्यंत पुन्हा कधी विमानात बसले नाहीत, मी तिकीट काढलं तरी.

नांदेडी_इंजिनेर

दादा विषय भरकटायलाय, तरी बरोबर आहे, जवळ पडलं की वाचवायचा चान्स असतो. त्या 118 मधले 63 वाचले ना.

आणि लांब पडून पण माणसं वाचतात हे पण सांगून ठेवतो, नाहीतर सेलूकर अजून घाबरतील. त्याच 1972 च्या ऑक्टोबरमध्ये अँडीज डोंगरात उरुग्वेचं विमान पडलं, 45 जण. विमान पांढरं, बर्फ पांढरा, वरून शोधणाऱ्यांना दिसलंच नाही. आठ दिवसांनी शोध थांबवला आणि तो थांबवल्याची बातमी आतल्या लोकांनी स्वतः ट्रान्झिस्टरवर ऐकली. विचार करा. शेवटी दोघं जण दहा दिवस चालत खाली उतरले, त्यांना नदीपलीकडं एक गुराखी दिसला, त्यानं जाऊन सांगितलं. 72 दिवसांनी 16 जण जिवंत. म्हणून तर शोध घेणारे लवकर आशा सोडत नाहीत.

माजी_हवालदार_उदगीर

हे पोरानं लाख बोललं. अन् बघ, गुराखीच निघाला शेवटी. 2011 ला अरुणाचलचे मुख्यमंत्री दोर्जी खांडू यांचं हेलिकॉप्टर तवांगहून निघून हरवलं, तवा बी सुखोई, उपग्रह सगळं होतं, अन् पाचव्या दिवशी लुगुथांगकडच्या गावकऱ्यांना सापडलं. त्या डोंगरात रोज याक चारणाऱ्या माणसाला कालच्यापेक्षा आज काय वेगळं दिसतंय ते लगेच कळतंय. आपल्या बांधावर कुणी दगड हलवला तर आपल्याला कळत नाही का, तसं.

अंबाजोगाईची_मावशी

सेलूकर बाळा, मी मागच्या वर्षी जाऊन आले, आमची भजनी मंडळाची एकोणीस जणी होतो. सगळे हरवलेल्या विमानावर बोलायलेत, मी उडालेल्या विमानाचं सांगते.

पोखऱ्याला पहाटे साडेचारला उठवलं, सहाला विमानतळावर नेऊन बसवलं. बॅग काट्यावर ठेवून मोजतात, दहा-पंधरा किलोच्या वर नाही, माझी बॅग जास्त भरली तर तांदळाची पिशवी काढायला लावली सगळ्यांसमोर. मग बसा. जोमसोमहून निरोप येईपर्यंत विमान हलत नाही. आमचं पहिल्या दिवशी नऊपर्यंत बसवून कॅन्सल केलं. बायका चिडल्या, आमच्या अध्यक्षा तर त्या पोराशी भांडायला लागल्या की आभाळ तर इथं निळंभोर आहे. तो पोरगा हात जोडून म्हणाला, माताजी, इथलं नाही, तिथलं बघायचं असतं. दुसऱ्या दिवशी गेलो.

आत उभं राहता येत नाही, वाकून जायचं, वीसेक सीटा, पुढं पायलटचं दार नसतं बहुतेक, सगळं दिसत होतं मला. कानात घालायला कापूस अन् एक गोळी दिली. एका बाजूला अन्नपूर्णा, एका बाजूला धवलगिरी, दोन्ही आठ हजार मीटरच्या वर अन् आपण मधल्या खोऱ्यातून. म्हणजे डोंगर खिडकीच्या खाली नाही, वर. मी डोळे मिटून हरिपाठ म्हणत होते, माझ्या शेजारची सगळा वेळ व्हिडिओ काढत होती.

अन् वारा. उतरलो तेव्हा काही नव्हतं, अकराच्या पुढं असा सुटला की डोक्यावरचा पदर हातात धरून चालावं लागलं, तोंडात रेती. म्हणून तिथं विमानं सकाळचीच असतात. ट्रॅव्हल्सवाल्याला आधी विचार की पोखऱ्याला एक दिवस शिल्लक ठेवलाय का. नसंल ठेवला तर विमान घेऊच नको, कारण मग आपलीच माणसं घाई करतात, आजच सोडा म्हणून.

परत येताना विमान मिळालं नाही, जीपनं आलो. सकाळी निघून दिवेलागणीला पोखरा. हाडं खिळखिळी झाली, पण मधी मार्फाला थांबून सफरचंदं खाल्ली. एक डोंगर घसरलेला होता तिथं उतरून पायी जावं लागलं. जीप म्हणजे काही फुलांची गादी नाही.

नांदेडी_इंजिनेर

मावशींचा तो "तिथलं बघायचं असतं" वाला पोरगा बरोबर होता. त्या रूटवर बाहेर डोळ्यांनी बघत उडवायचं असतं, ढगात शिरायचंच नाही. 2022 च्या चौकशीत पण तेच निघालं, ढगात गेल्यावर विमान ठरलेल्या वाटेवरून सरकलं आणि समोर डोंगर आला की इशारा देणारी सिस्टीम बंद होती. अरुंद खोऱ्यात ती सारखी ओरडत राहते म्हणून बंद करायची सवय लागते. आपण गाडीत सीटबेल्टचा आवाज बंद करायला मागं क्लिप अडकवतो तसलंच. मी पण अडकवतो, आता काढीन म्हणतो.

देगलूरकर

हवालदार काका, ते रोहतांगकडचं 1968 चं विमान काय होतं? मधी बातमी आलती बॉडी सापडल्याची.

माजी_हवालदार_उदगीर

ते एएन-12. 7 फेब्रुवारी 1968, चंदीगडहून लेहला निघालेलं, 102 जण, बहुतेक फौजी. वातावरण खराब म्हणून माघारी फिरलं अन् रोहतांगच्या जवळ गायब. 35 वर्षं काहीच नाही. 2003 ला गिर्यारोहकांना लाहौलमधल्या ढाका ग्लेशियरवर पहिल्यांदा तुकडे अन् एक देह दिसला. मग आर्मीनं परत परत मोहिमा काढल्या, उन्हाळ्यात थोडेच दिवस वर जाता येतंय. 2024 च्या सप्टेंबरमधी अजून चार देह मिळाले. 56 वर्षांनी.

ग्लेशियर म्हणजे गोठलेली नदीच, ती आतल्या आत सरकत राहती अन् पोटातलं हळूहळू खाली आणून टाकती. आमच्या युनिटमधी एक सुभेदार साहेब होते, ते म्हणायचे फौजेत "मिसिंग" हा शब्द सगळ्यात वाईट. गेला म्हणलं तर घरचे रडून मोकळे होतेत, तेराव्याला जेवण घालतेत. मिसिंग म्हणलं की बाई कुंकू पुसावं का ठेवावं ह्याच्यात म्हातारी होती. म्हणून ती 2019 ची टीम 12000 फुटावर जूनच्या शेवटापर्यंत भिजत का बसती ते समजून घ्या, वाचवायला कुणी उरलेलं नसलं तरी.

सेलूकर

सगळ्यांना मनापासून धन्यवाद, विशेषतः हवालदार काका अन् मावशी. दोनदा वाचलं सगळं. ट्रॅव्हल्सवाल्याला फोन केला, पोखऱ्याला एक दिवस शिल्लक ठेवलाय का विचारलं तर म्हणतो, "साहेब तसं काही लागत नाही, आपलं सगळं फिक्स असतंय". फिक्स! मावशींचंच ऐकलं अन् विमान कॅन्सल करून टाकलं. आता जीपला मधी एक मुक्काम वाढवून घेतलाय म्हणजे बाबांचे गुडघे एका दिवसात भरडायचे नाहीत.

घरी हे सगळं कसं सांगावं ह्याचा दोन दिवस विचार करत होतो, अपघात बिपघात काढला तर आई जायचंच रद्द करंल. शेवटी नुस्तं म्हणलं की विमानात पंधरा किलोच्या वर नेऊ देत नाहीत. आई लगेच म्हणली, मग जीपच बरी, माझी शेंगदाण्याची चटणी अन् धपाटेच तेवढे भरतेत.

अंबाजोगाईची_मावशी

चटणी डब्यात दे म्हणावं, पाकिटात नको. वर गेल्यावर पाकिटं टम्म फुगतात, आमचं एक मुक्तिनाथच्या पायऱ्यांवर फुटलं.